शिमग्यात उघडलेलं इंजिन

फाल्गुन लागला की माझ्या दुकानात दोन आवाज एकमेकांत मिसळायला लागतात. एक बाकावरच्या टेस्टरवर नोझल बोलल्याचा आणि दुसरा वाडीतून येणाऱ्या ढोलाचा. नोझल बोलतं हे आमच्या धंद्यातलं बोलणं आहे. जुन्या ट्रॅक्टरचं किंवा मच्छीमार होडीचं नोझल टेस्टरला लावून दांडा दाबला, की चांगलं असेल तर ते कुर्र करतं आणि त्याच्या टोकातून डिझेलचा धुरळा निघतो. इतका बारीक, की उन्हाच्या तिरिपेत तो क्षणभर तरंगतो आणि मग नाहीसा होतो. बिघडलेलं नोझल मुकं असतं. ते नुसतं थेंब गाळत बसतं. नव्या टर्बो गाड्यांचे इंजेक्टर असे हाताच्या दांड्यावर तपासता येत नाहीत, त्यांना मोठं यंत्र लागतं. तेही आता माझ्याकडे आहे. पण सकाळी दुकान उघडल्यावर एखादं जुनं नोझल मी उगाचच बोलवून बघतो. शेजारचा चहावाला म्हणतो, "काय ओ, आरती झाली काय?"

यंदाही काल संध्याकाळी ढोल ऐकू आला. मुंबईकर यायला लागलेत. पाली बाजारात नारळ आणि गुलाल यांच्या राशी लागल्यात. कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलंय आणि दुपारी त्या कातळावरून जो वारा येतो, त्याला पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास असतो. तो वास आला की मला हटकून डिझेलचाही वास येतो, जवळपास डिझेल नसलं तरी. याला कारण एक शिमगा आहे. काही वर्षांपूर्वीचा. त्या शिमग्यात मी माझ्याच गाडीचं इंजिन माझ्याच अंगणात उघडून ठेवलं होतं.

मी मुळात अपराधी वाटणारा माणूस आहे. वीज गेली तर मला वाटतं आपणच काहीतरी जास्तीचं चालू ठेवलं असेल. गिऱ्हाईकाची गाडी माझ्याकडून गेल्यावर पंक्चर झाली तरी मी मनात माफी मागतो. सुख लागलं की ते कुणाच्या तरी वाट्याचं आपण घेतलं, असं वाटत राहतं. हे आईकडून आलं असावं. ती पोटभर जेवली की लगेच कुत्र्याला भाकरी घालायला उठायची. त्यामुळे स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हौसेसाठी काम करणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. त्याला निमित्त लागलं. निमित्त मिळालं ते खेडच्या अलीकडे.

माझी बायको मंगल मंडणगडची. दिवाळीनंतर आम्ही तिच्या माहेरी निघालो होतो. गाडी माझी जुनीच, टर्बो डिझेल, मी सेकंडहँड घेतलेली आणि तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. चिपळूण मागे पडलं, मंगलला जरा डोळा लागला होता. चढावर पुढे एक लांबलचक ट्रक रांगत होता. मी बराच वेळ त्याच्या मागे होतो आणि त्याचा राग माझ्या उजव्या पायात उतरला होता. थोडी मोकळी जागा दिसली आणि मी गाडी बाहेर काढली.

पाय दाबला. गाडीनं ऐकलं नाही.

टर्बो गाडीत असं होतं. तुम्ही मागता आणि ती मिळेपर्यंत मध्ये एक पोकळी जाते. धुराच्या दाबानं टर्बोचं चाक फिरायला हवं, त्यानं हवा कोंबायला हवी, मग जोर. नेहमी ती पोकळी एका श्वासाएवढी असते. त्या दिवशी ती संपेचना. समोरून एसटी आली. तिच्या हॉर्ननं मंगल जागी झाली. मी ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे घुसलो, एसटी आमच्या आरशाला वारा घालून गेली. काही झालं नाही. काहीच नाही. ट्रक तसाच रांगत राहिला.

खेड आलं. स्टँडजवळ मंगल म्हणाली, "थांबवा." मला वाटलं पाणी हवं असेल. ती उतरली, मागचं दार उघडून तिची पिशवी घेतली.

"मी एसटीनं जाते. तुम्ही या मागनं."

"अगो, असं काय..."

"रागानं नाय बोलत मी. मला भीती वाटते तुमच्याबरोबर. खरं ते सांगितलं."

मंडणगडपर्यंत मी तिच्या एसटीच्या मागे मागे गाडी चालवली. मागच्या काचेतून तिची वेणी दिसत होती. डिझेल इंजिनाचा डॉक्टर म्हणून आसपासच्या गावांत ज्याचं नाव घेतात, त्याची बायको पुढच्या एसटीत बसलेली. सासुरवाडीला सासऱ्यांनी विचारलं, "दोघा वेगवेगळे कसे रे?" मंगल म्हणाली, "गाडीत मला लागतं." तिनं माझी अब्रू राखली, आणि त्याचाही मला अपराध वाटला.

त्यानंतर ती माझ्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवणखाण, बोलणंचालणं सगळं नेहमीसारखं. फक्त कुठे जायचं झालं की ती एसटीची वेळ विचारायची. एकदा मी म्हटलं, गाडीचा जोर वाढवून घेतो, म्हणजे असं होणार नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जोर नको आणखी. आहे त्याचीच भीती आहे मला. वचन द्या." मी हो म्हटलं.

आणि शिमग्याच्या तोंडावर बॉनेट उघडलं.

आता हे कसं सांगावं? माझ्या डोक्यात एक हिशेब बसला होता. गाडी वेळेवर पळाली असती तर प्रसंग आला नसता. म्हणजे दोष जोर कमी पडल्याचा. मी नोझलवाला, तेव्हा कमी पडलं ते डिझेलच, हे मला उघडच वाटलं. जास्त प्रवाहाची नोझलं मागवून माझ्याच इंजेक्टरांना बसवली. त्या नोझलच्या टोकाला जी भोकं असतात, ती केसाशी तुलना करावी इतकी बारीक. नवी भोकं जुन्यांपेक्षा किंचित मोठी, डोळ्यांना फरक कळणार नाही अशी. यंत्रावर चारही इंजेक्टर लावले, सारखं डिझेल पडेपर्यंत जुळवत बसलो. दुपारची वेळ, रस्त्यावर वर्दळ नाही, चार काचेच्या नळ्यांत पिवळसर डिझेल एका पातळीनं वर चढतंय. देवळातल्या समया एकसारख्या जळाव्यात तसं वाटलं मला. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. लगेच दचकून मागे बघितलं, कुणी बघत तर नाही ना.

बघत होते. आप्पाकाका. माझे चुलते, आमच्या ग्रामदेवतेच्या पालखीचे मानकरी. रोज दुपारी दुकानात येऊन पेपर वाचायचा त्यांचा नेम.

"कुणाचे ते?"

"माझ्याच गाडीचे, काका."

"मोटे बसवलास काय?"

"जरासे."

"म्हंजे इंजिनाला आता खायाला जास्त लागनार. आनि मंगलला ठाव हाय?"

मी म्हटलं, तिला सांगितलंय की नोझल साफ करतोय. काकांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपरामागून आवाज आला, "साफच करतोयस. समदा घर साफ करशील."

दुकानात आंब्याच्या हंगामाआधी टेंपोवाल्यांची रांग लागलेली असते. पेट्या सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला घाट चढण्याजोगं इंजिन हवं असतं. त्यामुळे माझ्या गाडीला तिथे जागा नव्हती. ती मी घरच्या अंगणात घेतली, फणसाच्या सावलीत. इंजेक्टर बसवले, त्यांचे नंबर गाडीच्या संगणकाला शिकवले. कोल्हापूरचा एक ट्यूनर ओळखीचा होता, त्यानं एका रविवारी येऊन लॅपटॉपवरून गाडीच्या संगणकातली डिझेलची मांडणी बदलून दिली. मंगल तेव्हा वाडीतल्या बायकांबरोबर होळीची वर्गणी ठरवायला गेली होती. तो गेल्यावर मी गाडी बाहेर काढून चढावर पळवली.

धूर! आरशात मागचा रस्ताच दिसेना. काळा, दाट, लोळावर लोळ. मी घरी आलो तेव्हा धूर माझ्याआधी पोहोचला होता. खळ्यात मंगलनं काजूबी वाळत घातली होती, त्या बियांवर काजळीची बारीक पूड बसलेली. ती बोटानं एक बी पुसत उभी होती.

"नोझल साफ केलीत ना?"

"हो."

"मग घाण बाहेर आली म्हणायची."

ती हसली नाही, चिडलीही नाही. सूप घेऊन बी गोळा करायला बसली. मीही तिच्याबरोबर बसलो आणि एकेक बी फडक्यानं पुसली. दोघांचे हात काळे झाले. तेवढ्या वेळात ते तोंडाशी आलेलं मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

कोल्हापूरला फोन केला. तो म्हणाला, "डिझेल वाढवलासा, हवा कोण वाढवणार? हवा वाढवा की पावनं."

इथून पुढे जे सुरू झालं त्याला आमच्या धंद्यात अंत नसतो. जास्त डिझेल म्हणजे जास्त हवा हवी, म्हणजे मोठा टर्बो. मोठा टर्बो जास्त हवा दाबणार, ती तापणार, म्हणजे ती थंड करायला मोठा इंटरकूलर. एवढा जोर पेलायला क्लचप्लेट जड हवी. प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूचं निमंत्रण घेऊन येते. माझ्या अंगणात खोकी यायला लागली. मंगलला मी दर वेळी म्हणायचो, "गिऱ्हाईकाचं आहे." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. नंतर अडखळायची थांबली, ते जास्त वाईट.

आणि तरीही खरं सांगायचं तर मी सुखात होतो. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की फणसाखाली पोतं अंथरायचं आणि गाडीखाली शिरायचं. वर पानांतून उतरतं ऊन, पाठीला जांभ्या दगडाची दिवसभराची ऊब. दूरवर सहाणेवर, पालखी बसवायच्या चौथऱ्यावर, पोरांची ढोलाची तालीम चालू. त्यांचा हात चुकला की माझा पाना थांबायचा. नट सुटताना पहिला जो कडक आवाज होतो, तो मला अजून आवडतो. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या गाडीखाली पडून स्वतःशी गुणगुणतो, हे बाहेरून कसं दिसत असेल कोण जाणे. मंगल ओसरीवरून विचारायची, "चहा तिथंच देऊ की माणसात येताय?"

जुना इंटरकूलर काढताना मला तो पाईप सापडला.

टर्बोकडून इंटरकूलरकडे दाबलेली हवा नेणारा रबरी पाईप. वरून धडधाकट. मी तो हातात घेऊन वाकवला, तेव्हा खालच्या अंगाला, पाईप आवळणाऱ्या पट्टीच्या जवळ, एक चीर तोंड उघडल्यासारखी उघडली. कडांना तेलाचा ओला काळपटपणा. म्हणजे दुखणं बरंच जुनं. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली राहायची. जोर मागितला, दाब वाढला, की उघडायची आणि हवा तिथून निघून जायची. खेडच्या अलीकडे, त्या चढावर, माझी हवा इथून गेली होती.

मी पोत्यावर बसून राहिलो. आधी हसू आलं. माझ्याच गाडीचा साधा पाईप मी कधी वाकवून पाहिला नव्हता. एखादा टेंपोवाला अशी तक्रार घेऊन आला असता तर मी सगळ्यात आधी पाईपच चाचपले असते. मग हलकं वाटलं. दोष पाईपाचा! आत जाऊन मंगलला पाईप दाखवावा, म्हणावं, हे बघ, ही चीर. मी अर्धा उठलोही.

पण उठता उठता एक गोष्ट मनात आली आणि मी परत बसलो. पाईप धड असता तर मी त्या ट्रकच्या मागे थांबलो असतो का? नसतो थांबलो. त्या जागेत, त्या वळणाच्या तोंडावर, मी गाडी घातलीच असती. फक्त निभावून गेलो असतो, आणि मंगलला जाग आली नसती, आणि मी पुढच्या खेपेला तशीच घातली असती. चीर रबरात होती हे खरं. पण ट्रकमागे बसून पायात राग कुणाच्या उतरला होता?

शहाण्या माणसानं तिथे काम थांबवलं असतं. नवा पाईप, जुनी नोझलं, बॉनेट बंद. मी नाही थांबवलं. मला मजा येत होती. हे लिहिताना हात जरा जड होतो, पण जे होतं ते असं होतं.

मोठा टर्बो बसवला. गाडी वरच्या गतीला तोफेसारखी जायची, पण खालच्या गतीला पूर्वीपेक्षा सुस्त. जी पोकळी बुजवायला निघालो होतो, ती मीच रुंद करून ठेवली. फोनवर कोल्हापूरकर खो खो हसला. "मोठं पातेलं चुलीवर ठिवलं तर उकळाय वेळ लागणारच की! तुमचं जुनंच द्या पाठवून. आतलं चाक जरा वाढवून, घासूनपुसून देतो." मोठा टर्बो उतरवला, जुना पार्सलनं कोल्हापूरला गेला. गाडीची पुढची चाकं ठोकळ्यांवर, बॉनेट उघडं, टर्बोच्या जागी भगदाड. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, पण आमच्याकडे यायला तिला अवकाश होता. तोवर सगळं परत जागेवर जाईल, अशी मी मंगलला हमी दिली होती.

एके सकाळी मी दात घासत होतो तेव्हा आप्पाकाका धापा टाकत आले.

"अरे, वरच्या घराला सुतक आला. पालखी तुमच्याकडं आजच येनार!"

मंगल शेणाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं अंगणाकडे बघितलं. फणसाखाली, बरोबर जिथे पालखी खाली टेकवतात, रांगोळी घालतात, ओटी भरतात, तिथे माझी गाडी तोंड वासून उभी होती.

"आता ही उचला," ती म्हणाली.

पण एकट्यानं कसं उचलणार? जॅक लावून कसेबसे ठोकळे काढले, तोवर ढोल जवळ आला. उन्हाळ्याच्या दिवसांत तो आवाज आधी पायाच्या तळव्यांना कळतो. वळणावर गुलालाचा ढग दिसला, त्यात चांदीचे मुखवटे लखलखले, आणि पालखी नाचवत सगळी वाडी अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढे रस्ता नाही. माझी गाडी.

खांदेकऱ्यांपैकी एक, नालासोपाऱ्याहून आलेला, ओरडला, "काय ओ शेठ, देवाला साईड द्या!"

दुसरा म्हणाला, "हॉर्न मारा, हॉर्न!"

हशा झाला. ढोलवाल्यानं हात थांबवला नाही, उलट वाढवला. काही जणांनी पालखी सांभाळली, बाकीचे गाडीला भिडले. मी स्टीअरिंग धरलं. ढोलाच्या ठेक्यावर हेइसा करत त्यांनी गाडी ढकलली, मागे-पुढे, मागे-पुढे, म्हातारे टाळ्या पिटतायत, बायका पदर तोंडाला लावून हसतायत. त्या दिवशी देवाच्या आधी माझी गाडी नाचली. गुलाल उधळला तसा माझा जीव घाबरा झाला. इंजिनाची तोंडं उघडी! एवढीशी पूड आत गेली तरी... मी दिसतील ती फडकी भोकांत कोंबली आणि दोरीवरची मंगलची साडी ओढून बॉनेटखाली पसरली. दारात देव आलेला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून इंजिन झाकत होतो. याचीही मी नंतर माफी मागितली.

पालखी टेकली. मंगलनं ओटी भरली. आता गाऱ्हाणं. घरधन्याच्या मनात काय आहे ते मानकऱ्यानं देवासमोर मोठ्यानं मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी होकार भरायचा, अशी आमच्याकडची रीत. दुकानात बोलता बोलता काकांना मी सगळंच सांगून बसलो होतो, म्हणून त्यांच्या कानाशी लागलो. "गाडीला यश दे, एवढंच बोला. फार खोलात नको."

"देवाला अर्धा सांगून चालत नाय," काका म्हणाले. हातात नारळ घेतला आणि गळा मोकळा केला.

"बा म्हाराजा! आज तू ह्या लेकराच्या दारात इलास..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरान् गाडी उगाडलेली हाय. तिला मोटी नोझला बसवलान्..."

"व्हय म्हाराजा!"

"मोटा टर्बो बसवलान्, तो काय लागू पडला नाय. आता जुना कोल्लापूरला धाडलान्. गिऱ्हाईकाची खोकी म्हनून घरात आनलान्, ती समदी ह्याचीच..."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाजात हसू होतं. मी जमिनीकडे बघत होतो. गुलालात माझी पावलं लाल दिसत होती.

"बायकोला वचन दिलान् आनि मोडलान्. पन म्हाराजा, हौसेपायी केलान् नाय. ती गाडीत बसत नाय, म्हनून केलान्. तर ती कशी तरी बसंल, असा कर. इंजिनाला जोर दिलास तसा ह्याला जरा दम दे. काय चुकला असंल तर पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या वरचा आवाज एका बाईचा होता. मी मान वर केली. हात जोडून, डोळे मिटून, मंगल.

नारळ फुटला. पालखी उठली, नाचली, पुढच्या घराकडे गेली. ढोल लांब जात राहिला आणि अंगणात एकदम शांतता झाली. मंगल केरसुणी घेऊन गुलाल गोळा करायला लागली. मी बॉनेटखालची साडी काढली. तिच्यावर गुलाल आणि ग्रीस.

"हौसेपायी नाय, हे काकांचं म्हणणं," ती केर काढता काढता म्हणाली. "तुमचं काय?"

"हौस होती," मी म्हटलं. "बरीच होती."

"हं. दिसत होती. गाडीखालनं गाणी येत होती." मग केरसुणी भिंतीला टेकवून, "आणि दोष कसला निघाला शेवटी?"

मी कोपऱ्यातला पाईप आणला. वाकवला. चीर उघडली. ती वाकून बघायला लागली, बोट घालून बघितलं तिनं.

"हवा इथून जायची," मी म्हटलं. "त्या दिवशी म्हणून गाडीनं उचल घेतली नाही." इथे थांबलो असतो तरी ते खोटं नव्हतं. "पण पाईप चांगला असता तरी मी गाडी घातलीच असती त्या जागेत."

मंगलनं पाईप माझ्या हातात परत दिला.

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पाईपाचं नव्हतं ठाऊक."

एवढंच. केर भरून ती आत गेली. बसेन म्हणाली नाही, बसणार नाही असंही नाही. साडी तिनं भिजत घातली. डाग काही गेला नाही, पुढे ती साडी नेसून ती काजूबी सोलायला बसायची.

जुना टर्बो परत आला. नवा पाईप, नव्या पट्ट्या, सगळं बसवलं. चालू केल्यावर धूर नाही, गडबड नाही. खालपासून गाडी अशी ओढायला लागली की पाय आणि चाक यांच्यात कुणी तिसरं नाही. मी ती एकट्यानं पालीपर्यंत नेली आणि आणली. कुणाला सांगावं असं वाटत होतं, पण सांगितलं नाही.

पाडव्याला मंडणगडला जायचं होतं. आदल्या दिवशी मंगलनं एसटीची वेळ विचारली नाही.  नुसता जीव टांगलेला. सकाळी गुढी उभारून झाली. मी गाडीच्या काचा पुसत राहिलो, पुसलेल्याच परत पुसल्या. ती कुलूप लावून आली, पिशवी मागे टाकली आणि पुढचं दार उघडून बसली. पट्टा लावला. "निघूया ना? ऊन होईल," म्हणाली.

ऊन झालंच. चिपळूण मागे पडलं. पुढे तिला तिच्या चुलत बहिणीची घरभरणी आठवली. मुंबईची पाहुणी मंडळी न सांगता दुप्पट आली आणि पुरण संपलं, ही ती गोष्ट. रंगवून सांगायला लागली, हातवारे करत. चढ लागला. पुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक, मुंगीच्या पावलानं.

मी मागे राहिलो. वळण गेलं, मागे राहिलो. आणखी एक वळण गेलं. लाल धूळ काचेवर बसत होती. मागचा एक जण हॉर्न मारून थकला. पायात राग शोधला, सापडला नाही. खरं म्हणजे घाईच नव्हती, गोष्ट चालू होती. बहीण स्वयंपाकघरात रडवेली झालेली, पंगत बसलेली, आचारी चुलीमागे लपलेला.

मग वळण सरळ झालं. लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसला, पार पुढच्या वळणापर्यंत. मी गियर उतरवला, इशारा दिला, पाय ठेवला. गाडी मागितलं तेवढंच आणि मागितलं तेव्हाच देत गेली. चिऱ्यांची ती लाल भिंत काचेशेजारून मागे सरकली, ड्रायव्हरनं हात हलवला, आरशात ट्रक लहान झाला, आणि मी परत माझ्या बाजूला आलो.

मंगल बोलतच होती. मध्ये एक शब्दही गाळला नव्हता.

"...आणि तिच्या धाकट्या जावेनं काय केलं असेल सांगा?"

"काय केलं?" मी विचारलं.